काठाचं सूत

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते बहुतेक वेळा हसायला, हे आधीच कबूल करतो. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या मोटारसायकलवर मागे कुणीतरी येऊन बसतं... माझी बायको सुनीता डोळे मोठे करून वाचत असते आणि मी शेजारून विचारतो, "मग ॲव्हरेज किती पडलं म्हणे? डबलसीट होते ना." वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटीत आहे. जे मोजता येत नाही त्यावर मी सही करत नाही. देवळातसुद्धा हात जोडतो तो सुनीता बरोबर असली तरच.

असल्या माणसावर हे लिहायची वेळ आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी हसून घ्या. तुमच्या जागी मीही हसलो असतो.

आधी थोडं घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही धनगर, मूळचे बिडकीनजवळचे. माझी माय हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दोन-तीन वर्षांत जन्मली, नेमकी तारीख कुणालाच ठाऊक नाही. मेंढरांमागं वडील हिंडायचे आणि माय लोकर कातायची. चालता-चालता, बोलता-बोलता, भांडता-भांडतासुद्धा तिच्या हातातली चाती फिरत असायची. चाती म्हणजे टकळी — एक काडी, खाली चकती. माय डावरी. सगळं डाव्या हातानं करायची, त्यामुळं चातीही उलटी फिरायची आणि सुताला पीळ उलटा बसायचा. घोंगडी विणणारा सणगर आमच्याकडं यायचा तेव्हा सगळ्या बायांचं सूत एका पोत्यात भरायचा आणि मायचं तेवढं वेगळं बांधायचा. मी हे पाच-सहा वर्षांचा असल्यापासून पाहत होतो. पुढं क्वालिटीत लागल्यावर मला वाटायचं, सणगराचाही रिजेक्ट मालाचा वेगळा ढीग असणार. मायचं सूत त्या ढिगातलं. कुणाला विचारलं मात्र कधी नाही.

शाळेत माझ्या कपड्यांना मेंढराचा वास येतो म्हणून पोरं नाक धरायची. त्या वासाचा मी जन्मभर राग केला. वडील गेले, मेंढरं विकली, आणि माय बजाजनगरला माझ्या फ्लॅटमध्ये आली ती कपड्यांच्या बोचक्यासोबत लोकरीचं बोचकं आणि चाती घेऊन. रोज दुपारी गॅलरीत बसून कातायची. एका रविवारी आमचे मॅनेजर चहाला आले. मायनं त्यांना लोकर दाखवली, वर "पाय गार पडतेत का साहेब?" असंही विचारलं. ते हसले, चांगल्या मनानं हसले असतील. पण मी कानापर्यंत तापलो. ते गेल्यावर मायला म्हणालो, "माय, हे आता बंद कर. लोक काय म्हणतील?"

तिनं चाती माझ्या हातात दिली. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून बाथरूमवरच्या माळ्यावर टाकली. त्यानंतर सहा वर्षं मायनं कातायचं नाव काढलं नाही, आणि मीही नाही.

मग कंपनीनं मला दोन वर्षांसाठी थायलंडच्या कारखान्यात पाठवलं. एकट्यालाच. मुलांच्या शाळा, त्यामुळं सुनीता, मुलं आणि माय इथंच राहिली. तिथं मी पा नोईच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली होती. पा म्हणजे मोठी मावशी. साठीची बाई, तोंडानं फटकळ आणि हातानं सढळ. तिची मुलगी दाओ आमच्याच कारखान्यात डिस्पॅचला होती, इंग्रजी चांगलं बोलायची, म्हणून आमचं सगळ्यांचं जमायचं. मी गेलो त्याच वर्षी पा नोईचा नवरा वारला होता. तो आजारी असताना तिनं नवस बोलला होता, की याच्या नावानं याच्या गावच्या विहाराला एका दिवसाचं चीवर देईन.

चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्र देणं, मला थोडंफार माहीत होतं. आपल्याकडंही वर्षावास संपला की भन्तेंना चीवर देतात, छावणीतल्या माझ्या मित्राच्या घरचे दरवर्षी लेण्यांच्या पायथ्याच्या विहारात जातात. पण हा एका दिवसाचा प्रकार वेगळाच होता. झाडावरचा कापूस वेचायचा, सरकी काढायची, पिंजायचा, कातायचा, विणायचा, कापून शिवायचा, फणसाच्या लाकडाच्या रंगात बुडवायचा, वाळवायचा आणि तयार वस्त्र विहारात द्यायचं — सगळं एकाच दिवसात. कुठं आदल्या संध्याकाळीच सुरू करतात. या गावात तांबडं फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत. आणि त्या विहाराला असं दान वर्षातून एकदाच देता येतं. ज्या घराचा मान होता त्यांच्याकडून पा नोईनं तो मागून घेतला होता. गावातली जाणती माणसं तिला म्हणालीही होती, की कातणाऱ्या बाया आता उरल्या नाहीत, बाजारातून तयार चीवर आण, पुण्य तेवढंच. ती हटून बसली. दाओ मला म्हणाली, "दादा, सूर्य मावळला आणि नाही झालं, तर आई त्या गावात पुन्हा पाय ठेवायची नाही. मला ती माहितेय."

मी का गेलो? खरं सांगायचं तर जेवण फुकट होतं आणि तीन दिवस सुट्टी होती. रात्रभर बस करून आम्ही नदीकाठच्या त्या गावी पोचलो.

विहाराच्या आवारात पांढरे कपडे घातलेल्या बाया कापूस वेचत होत्या. मांडवात पाच माग, पाच चरखे. चार मागांवर पट्टे विणायचे, कारण भिक्खूचं वस्त्र वाफ्यावाफ्यांच्या शेतासारखं तुकडे जोडून शिवतात. पाचवा माग भोवतीनं लावायच्या काठासाठी. या सगळ्यावर याय खाम नावाची आजीबाई देखरेख करत होती. ऐंशीच्या पुढची, गावातली शेवटची मुरलेली विणकरीण, तोंडात दोन दात आणि आवाज फोरमनचा.

नऊच्या सुमाराला एका चरख्याची चाती वाकली. ती मी सरळ करून दिली, हे माझं काम. अकराला दुसऱ्याचं चाकच तडकलं आणि त्याला मात्र इलाज नव्हता. जेवणानंतर याय खामनं सुताच्या गुंड्या मोजल्या आणि मान हलवली. काठाच्या मागाला आडवं घालायला सूतच नव्हतं. चार चरखे होते, पण कातणाऱ्या बाया पहाटेपासून बसलेल्या, बोटं सुजलेली. पा नोई सकाळपासून बडबड करत होती ती एकदम गप्प झाली आणि मांडवाच्या कडेला जाऊन उन्हाकडं बघत उभी राहिली. तिला तसं गप्प बघवेना.

बाहेर मांस भाजून विकणाऱ्याकडून मी बांबूच्या चार जाड काड्या आणल्या. नारळाच्या करवंटीच्या चकत्या कापल्या, मधोमध भोक पाडलं, काड्यांत ठोकून बसवल्या. मनात एवढंच होतं, की मायची चाती अशी असते ती या बायांना दाखवावी. चरख्याशिवाय कातता येतं हे कळलं तर कुणीतरी कातेल. मी स्वतः आयुष्यात कधी कातलेलं नाही. लोकर मोकळी करून द्यायचो, तीही शिव्या खाऊन. बाया माझ्या काड्यांकडं बघून हसायला लागल्या. कापसाचा पेळू घेतला, खांबाला पाठ टेकून बसलो. दाओनं मोबाईल काढला, व्हिडिओ करायला. मी घड्याळ पाहिलं. एक वाजला होता.

इथून पुढं मला नीट सांगता येत नाही.

वास आला. ओल्या लोकरीचा वास, आणि त्यात शिजत्या चिंचोक्याच्या खळीचा. सणगर घोंगडीला लावतो ती खळ. तिथं कापूस होता, उदबत्त्या होत्या, बाहेर मांस भाजत होतं. लोकर त्या मुलखात शोधून सापडायची नाही. पण इतका स्पष्ट वास होता की मी इकडंतिकडं पाहिलं. राग मात्र आला नाही. उलट, लहानपणी पाठीवर घोंगडी पडली की वाटायचं तसं वाटलं.

मग दाओचा हात खांद्यावर. "दादा... दादा, ऐकू येतंय का?"

घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या मांडीवर चारही काड्या सुतानं गच्च भरलेल्या. बारीक, एकसारखं, गाठ नसलेलं सूत. हसणाऱ्या बाया आता हसत नव्हत्या.

याय खाम आली. सूत ओढून पाहिलं, बोट ओलं करून अंगठ्याखाली फिरवलं, दोन्ही टोकांनी पीळ उलगडून पाहिला. मग माझ्या चारही काड्या उचलून बाकीच्या सुतापासून लांब ठेवल्या. हे मी लहानपणी पाहिलं होतं — सूत वेगळं काढताना. म्हटलं, संपलं... पा नोईचं चीवर गेलं.

म्हातारी काहीतरी बोलली. दाओनं विचारलं, "ती म्हणतेय, हे कुणी कातलं?"

"मीच की. सगळ्यांनी पाहिलंय."

दाओनं सांगितलं. म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा बोलली. दाओ म्हणाली, "ती म्हणतेय, नाही. हे बाईचं सूत आहे. वय झालेली बाई. आणि डावरी."

माझ्या अंगावर काटा आला. भर दुपारी, दोनशे माणसांत.

"वाया गेलं का?" मी विचारलं.

"वाया?" दाओ पहिल्यांदाच हसली. "उलट्या पिळाचं सूत काठाला लागलं की कापड वळत नाही, झिजत नाही. ती म्हणतेय, तिच्या आईच्या वेळी गावात अशी एक बाई होती. त्यानंतर आज पाहिलं. हे सगळं काठाला."

पुढचा दीड तास कसा गेला तो आठवतो, कारण तेव्हा मी शुद्धीवर होतो. काठ विणला गेला, शिवण झाली, रंगाचं भांडं उकळलं. ओलं चीवर बायांनी चारी बाजूंनी धरलं आणि मांडवाभोवती पळत वाळवलं. पा नोई सगळ्यांत पुढं पळत होती. सूर्य नदीवर हातभर राहिला होता तेव्हा तिनं ते वस्त्र मुख्य भिक्खूंच्या पुढं ठेवलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, एकदा थांबले, आणि मान लववली. पा नोई मोठ्यानं रडली. मीही रडलो, आता लपवून काय करायचं? काठातून उरलेलं सूत तोडून तिनं माझ्या मनगटाला बांधलं. मला एवढंच कळत होतं, की आपल्या घरचं काहीतरी इथं मानानं पोचलं.

मग खिशातला फोन काढला. सुनीताचा मेसेज होता: 'आत्याबाईंना कसंतरी होतंय. लगेच फोन करा.' सुनीता सासूला आत्याबाई म्हणते. मेसेजची वेळ तिथली एक बावीस, म्हणजे आपल्याकडची अकरा बावन्न. पाठोपाठ चार मिस्ड कॉल.

फोन लावला. सुनीता म्हणाली, "अहो, आता बऱ्या आहेत. साडेअकराला गॅलरीत खुर्चीवर बसल्या आणि तिथंच डोळा लागला. हाका मारल्या, हलवलं, उठेनात. श्वास व्यवस्थित चालू. डावा हात तेवढा सारखा हलत होता. मी घाबरून छावणीतल्या डॉक्टरांना बोलावून आणलं, तर नाडी, बीपी सगळं ठीक. अडीचच्या पुढं आपोआप जाग्या झाल्या आणि भाकरी मागितली. तीन भाकरी खाल्ल्या."

तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढं. साडेअकरा म्हणजे एक, आणि अडीच म्हणजे चार. हे गणित मी विहाराच्या पायरीवर बसून पाच वेळा केलं.

मायनं फोन घेतला. "मला काय धाड भरलीय? डोळा लागला व्हता. तू जेवलास का?"

"जेवलो," म्हणालो. बाकीचं फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच.

त्या गावाहून परत आल्यावर दाओनं व्हिडिओ दाखवला. साडेतीन मिनिटांचा आहे, माझ्याकडं अजून आहे. त्यात मी डाव्या हातानं चाती फिरवतोय. मला डाव्या हातानं चमचासुद्धा धरता येत नाही. म्हणाल, लहानपणी आईसमोर बसून बघितलेलं असणार, ते हाताला आठवलं. मीही तेच धरून बसलो होतो. पण समोर बसून नक्कल केली असती तर आरशातल्यासारखी झाली असती — ती डावीनं, मी उजवीनं — आणि पीळ चारचौघांसारखा सरळ बसला असता. माझा पीळ उलटा होता. कारखान्याच्या लॅबमध्ये भिंगाखाली माझं आणि तिथल्या एका बाईचं अशी दोन्ही सुतं ठेवून पाहिली. उलटाच. शिवाय पीळ जाऊ द्या, पहिल्यांदा कातणाऱ्याचं सूत एकसारखं येत नाही. ती वर्षानुवर्षांची गोष्ट असते.

मनगटाचं सूत मी एका पाकिटात घातलं आणि सवयीप्रमाणं वर लेबल चिकटवलं: नमुना, तपासणी, कारण, सही. सगळे रकाने कोरे.

चार महिन्यांनी सुट्टीवर घरी आलो. मायला काही सांगितलं नाही, कारण मला टेस्ट घ्यायची होती. तुम्हाला वाटेल, स्वतःच्या आईची? व्हय, स्वतःच्या आईची. दाओकडून त्या दिवशीच्या दुसऱ्या बायांच्या सुताचे चार तुकडे मागवून ठेवले होते. माझ्या पाकिटातला धरून पाच तुकडे, सगळे एकाच लांबीचे. मायची नजर आता बेताचीच. ती गॅलरीत बसली होती. मी एकेक तुकडा तिच्या हातात दिला.

"हे काय आणलंस? कापूस हाय," ती म्हणाली. पहिला तुकडा अंगठ्याखाली फिरवून खाली ठेवला. दुसराही. तिसऱ्यावर थांबली. रस्त्याकडंच बघत होती. तुकडा एकदा फिरवला, परत फिरवला.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

"माय, हे परदेशातलं सूत आहे."

"असंल. पण सूत माझंच हाय." मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "काठाला लावलं ना?"

काठाचं मी सुनीतालाही सांगितलं नव्हतं.

"तुला कसं माहीत?"

"आता बघा. माझं सूत आणखी कुठं लावतेत?" ती हसली. "सणगर वेगळं बांधून न्यायचा ते कशाला? कोपऱ्यावर, काठावरच घोंगडी आधी झिजती. तिथं माझं सूत. बिडकीनपासून पैठणपर्यंत कुणाच्याबी घोंगडीचा काठ बघ, माझा हात लागलेला हाय. तुला नाय माहीत व्हय?"

"नाही गं माय. मला वाटायचं... तुझं सूत खराब म्हणून बाजूला काढतात."

तिनं तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. मग एवढंच म्हणाली, "इचारायचं की रं."

त्याच संध्याकाळी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, चाती तशीच होती. त्या रविवारी तिनं ती माझ्या हातात दिली होती, मी ती तिच्या डाव्या हातात दिली. तिनं काडीवर फुंकर मारून धूळ उडवली आणि म्हणाली, "लोकर कुठून आणायची आता?" आणली. अजून आणतो, लांब गंगापूरकडून, गाडीला वास येतो आणि येऊ दे. यंदा थंडीत मॅनेजर आले तेव्हा मीच त्यांना गॅलरीत नेलं. म्हटलं, सर, या घोंगडीच्या काठावरून जरा बोट फिरवून बघा. आमच्या मायचं काम आहे.

त्या दुपारी नेमकं काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. मायला विचारलं तर म्हणते, मला फक्त छान झोप लागली होती. तुमच्यापैकी कुणाकडं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. पाकीट कपाटात आहे. 'नमुना' पुढं मी मायचं नाव लिहिलंय, 'तपासणी' पुढं पास. 'कारण' हा रकाना अजून कोरा आहे, आणि खाली मी सही केली आहे.